जेलमध्ये दिवस-रात्र वेगळे मोजत नाहीत हो!

परवा राजवाड्याजवळ पोहे खाताना शेजारचे काका प्लेटमधली शेव बोटाने गोळा करत म्हणाले, "जन्मठेप म्हणजे 14 वर्षं, त्यात दिवस एक अन् रात्र दुसरी, झाले 7 वर्षं, मजाच आहे कैद्यांची!" लहानपणापासून इंदूरात हेच ऐकतेय मी, अन् हे साफ चूक आहे. जेलमध्येही दिवस 24 तासांचाच असतो.

जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत कैद, सुप्रीम कोर्टाने 1961 मध्येच सांगितलंय. मग 14 कुठून आलं? 1978 मध्ये कायद्यात कलम आलं की ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते त्यात जन्मठेप झाली, तर प्रत्यक्ष 14 वर्षं आत काढल्याशिवाय सरकार सोडू शकत नाही (राज्यपाल-राष्ट्रपतींचा माफीचा अधिकार वेगळा). म्हणजे 14 ही कमीत कमी मुदत, त्यानंतर आपोआप सुटका होते असं नाही, अर्ज नामंजूरही होतो.

अन् शिक्षेत जी सूट मिळते ना, ती चांगलं वागून, काम करून कमवावी लागते, तिला ऐश म्हणणं मला पटत नाही. माणूस सुधारावा असं वाटत असेल तर त्याच्यापुढे काहीतरी आशा ठेवावीच लागेल ना!