शयनकक्षातील प्रकाशयोजना आणि फर्निचर

झोपण्याच्या खोलीतील दिवे आणि पलंग, कपाट, बाजूचे टेबल यांची निवड व मांडणी एकाच वेळी ठरवावी लागते. पलंगाची जागा नक्की झाल्याशिवाय विजेचे पॉइंट कुठे घ्यायचे हे ठरत नाही, आणि वायरिंग प्लॅस्टरखाली गेल्यावर दिवा हलवायचा तर भिंत फोडावी लागते. या खोलीचे वेगळेपण असे की इथे माणूस बराच वेळ आडवा असतो. छताच्या मधोमध लावलेला उघडा दिवा उभ्या माणसाला खटकत नाही. उताण्या पडलेल्याच्या मात्र तो थेट डोळ्यांत येतो. म्हणून खोलीचा आराखडा करताना दारातून ती कशी दिसेल यापेक्षा उशीवरून काय दिसेल, हे आधी पाहावे.

उजेडाचा झोपेशी असलेला संबंध शरीरातच आहे. दृष्टिपटलातील काही चेतापेशी स्वतः प्रकाशसंवेदी असतात व शरीराच्या दैनिक घड्याळाला उजेडाची खबर देतात, हे डेव्हिड बर्सन आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवले. या पेशींमधील मेलानॉप्सिन हे द्रव्य सुमारे ४८० नॅनोमीटर तरंगलांबीच्या निळ्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देते. त्या प्रतिसादामुळे रात्र झाल्याचा संकेत देणाऱ्या मेलाटोनिन संप्रेरकाचा स्राव मंदावतो. नेहमीच्या पांढऱ्या एलईडीत निळा प्रकाश देणाऱ्या चिपवर पिवळ्या फॉस्फरचा थर असतो. दिव्याच्या उजेडाची छटा केल्विनमध्ये मोजतात: ६५०० केल्विनच्या निळसर पांढऱ्या दिव्यात निळ्याचा वाटा बराच असतो, तर २७०० केल्विनच्या पिवळसर दिव्यात तो कमी. शयनकक्षासाठी पिवळसरच घ्यावा.

पण केवळ रंग बदलून भागत नाही, कारण पिवळसर दिवाही प्रखर असला तर जागे ठेवतो. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तज्ज्ञांच्या शिफारशींनुसार झोपण्यापूर्वीचे तीन तास डोळ्यांपर्यंत पोचणारा ‘मेलानॉपिक’ उजेड, म्हणजे याच पेशींच्या संवेदनेनुसार मोजलेला, १० लक्सपेक्षा (लक्स हे उजेडाचे एकक) जास्त नसावा आणि झोपेत तो १ लक्सच्या आत राहावा. एका मोठ्या दिव्याऐवजी स्वतंत्र बटणांचे तीन-चार लहान दिवे लावले, तर हे सहज साधते. उजेड कमी-जास्त करणारा डिमर बसवायचा असल्यास एलईडीही डिमरवर चालणारीच हवी, नाहीतर ती लुकलुकते.

वाचनाच्या दिव्याची शेड अशा उंचीवर असावी की टेकून बसल्यावर आतला बल्ब दिसू नये आणि उजेड पानावर पडावा. दोघे झोपत असतील तर दोन दिवे, दोन बटणे आणि अरुंद झोत हवेत. एकाचे वाचन दुसऱ्याचे जागरण ठरू नये. मुख्य दिव्याला दाराजवळ आणि उशाशी असे टू-वे, म्हणजे दोन्ही ठिकाणांहून चालू-बंद करता येणारे, स्विच असावे. अंधारात चाचपडत पलंगापर्यंत जाणे वृद्धांसाठी धोक्याचे असते, आणि या सोयीचा खर्च त्या मानाने नगण्य आहे. रात्री उठणाऱ्यांसाठी पलंगाखाली, जमिनीलगत मंद दिवा पुरतो. कपाटापाशी मात्र भरपूर आणि ९० किंवा त्याहून अधिक रंगदर्शन निर्देशांकाचा (रंग किती खरे दिसतात याचे १०० पैकी माप) उजेड लागतो. त्याशिवाय गडद निळा आणि काळा कपडा वेगळा ओळखू येत नाही. आरशाला दिवे दोन्ही बाजूंनी द्यावेत, वरून दिल्यास डोळ्यांखाली सावल्या पडतात.

फर्निचरमध्ये सर्वांत आधी पलंग ठरवावा. त्याची लांबी झोपणाऱ्याच्या उंचीपेक्षा १५ ते २० सेंटिमीटर जास्त असावी. उंची गादीसह मोजावी: कडेला बसल्यावर दोन्ही तळपाय जमिनीवर सपाट टेकले पाहिजेत. चालायला बाजूने किमान ६० सेंटिमीटर वाट सोडावी. बाजूच्या टेबलाचा माथा गादीच्या पातळीला असला की पडल्यापडल्या हात पोचतो. हँगरला आडवे लावलेले कपडे दारात अडकू नयेत म्हणून कपाटाची खोली साधारण ६० सेंटिमीटर ठेवतात. दार उघडायला जागा नसेल तर सरकते दार घ्यावे, मात्र त्यातून एका वेळी अर्धेच कपाट उघडते. उंच कपाट आणि खणांचे टेबल भिंतीला पट्टीने जखडावे. लहान मुले खण ओढून त्यावर चढतात आणि ते अंगावर कोसळू शकते.

साहित्याकडे ग्राहक सहसा शेवटी पाहतो, पण ज्या बंद खोलीत माणूस सलग सात-आठ तास श्वास घेतो तिथे ते आधी पाहायला हवे. पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ या लाकडाचा भुसा किंवा तंतू दाबून केलेल्या फळ्यांमधील युरिया-फॉर्माल्डिहाइड गोंदातून फॉर्माल्डिहाइड वायू हळूहळू सुटत राहतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये त्याला मानवी कर्करोगकारकांच्या गटात टाकले. ई-१ (या वायूच्या उत्सर्जनाची मर्यादा ठरवणारा युरोपीय दर्जा) किंवा त्याहून कडक दर्जाच्या फळ्यांमधून त्याचे उत्सर्जन कमी होते. कापलेल्या कडा उघड्या न ठेवता पट्टीने बंद कराव्यात आणि नवे कपाट वापरात घेण्यापूर्वी ते उघडे ठेवून खोलीत काही दिवस हवा खेळू द्यावी.