लोकम : बदली डॉक्टरांची तात्पुरती सेवा

नेहमीचा डॉक्टर रजेवर, आजारी किंवा परगावी असताना त्याच्या जागी ठरावीक दिवसांसाठी दुसऱ्या डॉक्टरने रुग्ण पाहणे, याला वैद्यकीय वर्तुळात ‘लोकम’ म्हणतात. ‘लोकम टेनेन्स’ हा मूळ लॅटिन शब्दप्रयोग. त्याचा अर्थ जागा धरून ठेवणारा. महाराष्ट्रात दवाखानावाला ‘लोकम लावतो’ आणि बदलीवर येणारा ‘लोकम करतो’. ब्रिटनमध्ये ही सेवा एजन्सीमार्फत मोठ्या प्रमाणावर चालते. अमेरिकेत मेडिकेअर या सरकारी आरोग्य विमा योजनेखाली बदली डॉक्टरच्या कामाचे बिल मूळ डॉक्टरच्या नावे सलग 60 दिवसांपर्यंत लावता येते. आपल्याकडे मात्र बहुतेक वेळा ओळखीतून, एका फोनवर काम ठरते आणि कागदावर काहीच येत नाही. पुढचे बरेच घोटाळे तिथूनच सुरू होतात.

भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या आचारसंहितेत बदली डॉक्टरबद्दल स्वतंत्र तरतूद आहे. आपली कामे सांभाळून ही जादा जबाबदारी पेलणार असेल तरच ती घ्यावी, गैरहजर डॉक्टरच्या हिताला आणि नावाला जपावे आणि तो परतल्यावर रुग्ण त्याच्याकडे सोपवावेत, असे ती सांगते. (2023 मध्ये नवी नियमावली निघाली, पण त्याच महिन्यात ती स्थगित झाली.) रुग्ण पळवले जातील या भीतीने काही डॉक्टर ‘या भागात दवाखाना टाकणार नाही’ असे लिहून घेतात. कोणाला व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार रद्द ठरवणाऱ्या भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 27 मुळे काम संपल्यानंतरचे असे बंधन न्यायालयात सहसा टिकत नाही. त्यापेक्षा माणूस पारखून घेणे आणि तारखा, वेळा, मानधन एका पानावर लिहून दोघांनी सह्या करणे जास्त कामाचे.

खरा कस लागतो तो हँडओव्हरला, म्हणजे रुग्णांची माहिती एकाने दुसऱ्याच्या हाती देताना. पहिल्याच सकाळी एखादी आजी येऊन म्हणते, “आमचे डॉक्टर कुठं गेले? मला नेहमीची पुडी द्या.” नेहमीची म्हणजे कोणती, हे केस पेपरवर नसेल तर फक्त कंपाउंडरला ठाऊक असते, आणि त्याच्या आठवणीवर औषध देणे धोक्याचे आहे. म्हणून जाणाऱ्या डॉक्टरने निदान एक तास बरोबर बसावे आणि वहीत नावे लिहून द्यावीत : रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांवर असलेले, इन्सुलिनचा डोस नुकताच बदललेले, दिवस भरत आलेल्या गरोदर स्त्रिया, रिपोर्ट यायचे बाकी असलेले. पेनिसिलिनची किंवा इतर औषधाची ॲलर्जी असलेल्यांची नावे लाल शाईने लिहावीत.

छोट्या रुग्णालयात रात्रपाळीला येणारा बदली आरएमओ (निवासी वैद्यकीय अधिकारी) बऱ्याचदा पदव्युत्तर प्रवेश परीक्षेची तयारी करणारा तरुण एमबीबीएस असतो. त्याने हजेरीआधी एक फेरी मारावी. लॅरिंगोस्कोपचा (श्वासनळीत नळी घालताना घसा पाहायच्या उपकरणाचा) दिवा लागतो का, घशातला स्राव ओढणारे सक्शन यंत्र नीट ओढते का, हे स्वतः पाहावे; ऑक्सिजन सिलिंडरची चावी कुठे टांगली आहे, आणि रात्री दोन वाजता कोणता कन्सल्टंट खरोखर फोन उचलतो, हे चौघांना विचारावे. रुग्णालयानेही एकट्या नवख्याच्या भरवशावर अतिदक्षता विभाग सोडू नये. हा अन्याय रुग्णावर होतो तसा त्या मुलावरही होतो.

बोलावणाऱ्याने नोंदणी प्रमाणपत्र स्वतः पाहावे आणि मुदत तपासावी. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. सावंतवाडीचा डॉक्टर म्हापशाला बदलीवर जाणार असेल, तर गोव्याचे कौन्सिल वेगळे आहे, हे त्याने आधी लक्षात घ्यावे. आयुर्वेद वा होमिओपॅथीच्या पदवीधराला बसवताना त्याला कायद्याने कोणती औषधे लिहिता येतात हे आधी पाहावे. होमिओपॅथीची नोंदणी असताना ॲलोपॅथीची औषधे देणे हाच निष्काळजीपणा, असे सर्वोच्च न्यायालयाने 1996 च्या एका निकालात म्हटले आहे.

सोनोग्राफीचे प्रकरण सर्वांत कडक. गर्भलिंग निदानविरोधी कायद्याच्या नियमांनुसार एका डॉक्टरला एका जिल्ह्यात जास्तीत जास्त दोनच केंद्रांवर नोंदणी मिळते आणि कर्मचारी बदलायचा तर निदान 30 दिवस आधी समुचित प्राधिकाऱ्याला, म्हणजे या कायद्याखाली नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याला, कळवावे लागते. त्यामुळे आयत्या वेळी रेडिओलॉजिस्ट मित्राला बोलावून मशीनवर बसवणे शक्य नाही. तेवढे दिवस मशीन बंद ठेवावे आणि रुग्ण दुसऱ्या नोंदणीकृत केंद्राकडे पाठवावेत.

सह्या करून ठेवलेली कोरी लेटरहेड मागे सोडून जाण्याची सवय अजून आहे, आणि ती तत्काळ सोडली पाहिजे. जो औषध लिहितो त्याचेच नाव आणि नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर हवा. शिक्का करून घ्यायला फारसा खर्च येत नाही. रुग्णाने निष्काळजीपणाचा दावा केला तर बदली डॉक्टर आणि रुग्णालय दोघांनाही उत्तर द्यावे लागू शकते. भारतातल्या व्यावसायिक विमा पॉलिसी सहसा दावा दाखल होण्याच्या तारखेला चालू असाव्या लागतात. महिनाभर काम करून पॉलिसी बंद केली आणि नोटीस वर्षाने आली, तर संरक्षण नाही. शिकायला किंवा परदेशी जाणाऱ्या तरुणांनी हे विशेष जपावे.

मानधन दिवसावर किंवा पाळीवर ठरते. काही ठिकाणी ओपीडीच्या जमेतला टक्का देतात. टक्क्याची पद्धत टाळलेली बरी, कारण तिच्यात जादा तपासण्या लिहायचा मोह असतो. मानधन चेकने किंवा बँकेतून घ्यावे आणि टीडीएस कापला असेल तर त्याचा दाखला मागून घ्यावा.

शेवटच्या दिवशी वही उलट दिशेने भरायची : कोणाचा डोस बदलला, कोणाला कुठे पाठवले, कोणाचा रिपोर्ट अडकला आहे. परतलेल्या डॉक्टरने ओपीडी सुरू करण्याआधी ती वाचावी आणि ज्यांचे उपचार बदलले त्यांना स्वतः फोन करावा.