सँत-मारी-द-ला-मेर : २४ आणि २५ मेच्या यात्रेला येणाऱ्यांसाठी

फ्रान्सच्या सहलीतले हे दोन दिवस स्थळदर्शनाचे नाहीत. त्या दिवशी आपण दुसऱ्यांच्या जत्रेत पाहुणे असतो, म्हणून हे वेगळं पत्रक.

आर्ल शहर सोडलं की जवळपास चाळीस किलोमीटर दलदल, भातखाचरं आणि कामार्गचे, म्हणजे रोन नदीच्या मुखाजवळच्या या सखल प्रदेशाचे, पांढरे घोडे. मग सपाट किनाऱ्यावर एकच उंच इमारत दिसते, ती गावाचं चर्च. समुद्रावरून हल्ला झाला की गाव तिथेच आसरा घ्यायचं, म्हणून बांधणी किल्ल्याची. आत गोड्या पाण्याची विहीरही आहे, ती आवर्जून बघा.

मेरी याकोबे आणि मेरी सलोमे या येशूच्या दोघी अनुयायी शीड-वल्ह्यांविना नावेतून इथे लागल्या, अशी श्रद्धा. १४४८ मध्ये या प्रोव्हान्स प्रांताचा राजा रने याने चर्चमध्ये खोदकाम करवलं. तेव्हा सापडलेल्या अस्थी त्यांच्याच मानतात. २४ मेला दुपारी अस्थींचे पेटारे वरच्या कक्षातून दोरांनी हळूहळू खाली उतरतात. खाली शेकडो हात मेणबत्त्या उंचावून उभे असतात.

पण रोमा, म्हणजे ज्यांना जग ‘जिप्सी’ म्हणतं ते लोक, येतात ते सारासाठी. दोघी मेरींची दासी मानली जाणारी ही त्यांची संत. तिची सावळी मूर्ती तळघरात असते. भाविक तिला एकावर एक झगे चढवतात. अखेर इवला चेहराच दिसतो. मेणबत्त्यांची धग इतकी असते की आम्ही पहिल्या वेळी पाच मिनिटांत घामाने निथळलो. सुती कपडेच घाला.

पेटारे उतरल्यावर सारा खांद्यांवरून समुद्राकडे निघते. पुढे पांढऱ्या घोड्यांवरचे गुराखी, मागे गाणी आणि जयघोष. घोडे पाण्यात शिरून कडं करतात, मूर्ती लाटांपर्यंत जाते आणि परत फिरते. हे विसर्जन नव्हे. सारा रात्री पुन्हा तळघरात असते. ही मिरवणूक १९३५ पासूनची, कामार्गचे पशुपालक आणि लेखक फोल्को द बारोन्चेल्ली यांच्या खटपटीने सुरू झालेली.

‘सारा-ला-काली’ म्हणजे आपली कालीमाता, असं कोणी ठामपणे सांगेल. त्याला पुरावा नाही. रोमानी भाषेत काली म्हणजे काळी, एवढंच. खरं नातं भाषेचं आहे. या लोकांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी भारतातून निघाले. आजही ते पाण्याला ‘पानी’ आणि कानाला ‘कान’च म्हणतात. हे कानावर पडलं की अंगावर काटा येतो.

२५ला दोन्ही मेरींच्या मूर्ती असलेली नाव समुद्रावर जाते, बिशप समुद्राला आशीर्वाद देतात. गर्दी किंचित कमी, ज्येष्ठांना हाच दिवस सोयीचा.

तळघरात फोटो काढू नका. बाहेरही कुणाच्या तोंडासमोर मोबाइल धरू नका, आधी विचारा. त्यांना ‘जिप्सी’ म्हणू नका, ‘रोमा’ म्हणा. जेवायला बारीक शिंपल्या मिळतात, तिसऱ्यांची आठवण होईल; शाकाहारी मंडळींसाठी कामार्गचाच भात आहे. डासांचं मलम हाताशी ठेवा. मिरवणुकीबरोबर पाण्यात उतरायचं असेल तर सुक्या कपड्यांचा एक जोड बसमध्ये ठेवून निघा.