खाणीची मोजपट्टी, वीज केंद्राची धूळ

औष्णिक वीज केंद्रात कोळशाच्या धुळीचा प्रश्न निघाला की बोलणं खाणीकडे वळतं. मर्यादा खाणीच्या, संशोधन खाणीचं, आजाराचं नावही खाणीचं. हे असं का झालं, हे समजल्याशिवाय सीएचपी (कोळसा हाताळणी विभाग) किंवा कोळसा दळणाऱ्या मिल विभागातल्या कामगाराच्या छातीची तपासणी नेमकी कशासाठी करायची, तेच कळत नाही.

एडिंबरोच्या डॉ. जेम्स क्रॉफर्ड ग्रेगरी यांनी १८३१ मध्ये एका मृत खाण कामगाराच्या काळ्याठिक्कर फुफ्फुसांचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि त्या काळेपणाचा संबंध श्वासावाटे आत गेलेल्या कोळशाशी जोडला. धुळीमुळे होणाऱ्या फुफ्फुसविकारांना ‘न्यूमोकोनिओसिस’ या अर्थाचं नाव १८६७ मध्ये जर्मन विकृतिशास्त्रज्ञ झेंकर यांनी दिलं. तरीही पुढे कित्येक दशकं नावाजलेले तज्ज्ञ सांगत राहिले की कोळसा निरुपद्रवी आहे, अपाय करते ती खडकातली सिलिका. हा समज मोडायला मदत झाली ती खाणीबाहेरच्या माणसांची. साउथ वेल्सच्या बंदरांत जहाजाच्या पोटात कोळसा फावड्याने पसरवणारे ‘ट्रिमर’ कधी खडक फोडत नसत, तरी त्यांच्या फुफ्फुसांत तोच आजार सापडला. कार्डिफचे विकृतिशास्त्रज्ञ जेथ्रो गॉफ यांनी १९४० मध्ये हे मांडलं. पाठोपाठ ब्रिटनमध्ये १९४३ पासून कोळसा कामगारांच्या न्यूमोकोनिओसिसला भरपाई मिळू लागली. म्हणजे खडक न फोडता नुसता कोळसा हाताळूनही हा आजार होतो, हे तेव्हाच दिसलं होतं. वीज केंद्रातला कामगार या ट्रिमरचाच वारस. पण कायद्यांनी खाण पकडली आणि ट्रिमर विसरले गेले.

अमेरिकेत नोव्हेंबर १९६८ मध्ये फार्मिंग्टनच्या खाणीत स्फोट होऊन ७८ जण गेले. त्यानंतरच्या संतापातून १९६९ चा कायदा आला आणि श्वसनयोग्य (फुफ्फुसात खोलवर पोहोचणाऱ्या बारीक) धुळीची मर्यादा आधी ३, मग २ मिलिग्रॅम प्रति घनमीटर ठरली. २०१६ मध्ये ती १.५ झाली.

भारतात वळण आलं ते भोपाळनंतर. कारखाने कायद्यात १९८७ मध्ये दुरुस्ती होऊन घातक प्रक्रियांची अनुसूची जोडली गेली. तिच्यात वीजनिर्मितीचा स्वतंत्र उल्लेख होता. त्यामुळे वीज केंद्राला कलम ४१-सी लागू झालं: कामावर घेण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी, नंतर किमान दर बारा महिन्यांनी, आणि कामगाराला पाहता येतील अशा आरोग्य नोंदी. दुसऱ्या अनुसूचीत कोळशाच्या श्वसनयोग्य धुळीला २ मिलिग्रॅमची मर्यादा होती, पण त्या धुळीत क्वार्ट्झ (सिलिकाचंच एक रूप) ५ टक्क्यांहून कमी असेल तरच. तिसरी अनुसूची सरकारला कळवण्याच्या आजारांची. तिच्यात लिहिलं होतं ‘कोळसा खाण कामगारांचा न्यूमोकोनिओसिस’. गंमत अशी की कारखान्याच्या व्याख्येतूनच खाण वगळलेली होती. ज्याला हा कायदा लागू नव्हता त्याचं नाव यादीत, आणि ज्याला लागू होता त्याचं नाही. कारखाना वैद्यकीय अधिकारी शब्दाला शब्द धरून बसला, तर मिल फिटरचा (मिल दुरुस्त करणाऱ्याचा) आजार कळवायचा कोणत्या ओळीखाली?

महाराष्ट्रात हा काळ मोठ्या संचांचा होता. कोराडीचे पहिले संच १९७४ पासून, चंद्रपूरचा पहिला २१० मेगावॅटचा संच १९८३ मध्ये. आज चंद्रपूरची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. एका युनिट विजेला साधारण ०.६५ ते ०.७ किलो कोळसा धरला, तर ५०० मेगावॅटचा एक संच पूर्ण भारावर तासाला ३२५ ते ३५० टन जाळतो. दिवसाचे आठ हजार टन, म्हणजे रेल्वेच्या दोन रेक. ते सगळं वॅगन टिपलर (डबा उलटा करून कोळसा ओतणारं यंत्र), क्रशर, बेल्ट, जंक्शन टॉवर (एका बेल्टवरून दुसऱ्यावर कोळसा पडण्याची जागा), बंकर (मिलच्या वरची साठवण टाकी) या वाटेने जातं.

खाणीपेक्षा वेगळं काय होतं, ते मिलमध्ये दिसतं. तिथे कोळसा इतका बारीक दळला जातो की साधारण ७० टक्के भुकटी ७५ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) चाळणीतून खाली पडते. फुफ्फुसाच्या तळापर्यंत पोहोचतात ते साधारण ४ मायक्रॉनच्या आसपासचे आणि त्याहून बारीक कण. ते या भुकटीत असतातच, आणि डोळ्यांना दिसत नाहीत. बहुतेक मोठ्या मिल दाबाखाली चालतात, त्यामुळे फट पडली की भुकटी बाहेरच येते. सील एअरचा, म्हणजे फटी बंद ठेवायला सोडलेल्या स्वच्छ हवेचा, दाब मिलच्या दाबापेक्षा जास्त राहायला हवा. त्याचा फिल्टर तुंबला की जर्नलच्या (दळणाऱ्या रोलरच्या आसाच्या) सीलजवळ काळी फुंकर सुरू होते. भारतीय कोळशात राख बहुधा ३० ते ४५ टक्के, आणि त्या राखेतल्या क्वार्ट्झने भुकटी बॉयलरकडे नेणाऱ्या कोल पाइपची वळणं (बेंड) आतून घासून भोक पडतं. मिल रिजेक्टचा (न दळता बाहेर टाकलेल्या दगडांचा) डबा उघडणं, बंकरच्या ट्रिपर फ्लोअरवर (बेल्टवरून बंकर भरण्याच्या मजल्यावर) झाडू मारणं आणि शटडाउनमध्ये बॉयलर वा राखेच्या हॉपरमध्ये उतरणं, ही खरी जोखमीची कामं. शेवटच्या कामात कोळसा कमी आणि राख जास्त, म्हणजे सिलिकाचा प्रश्न.

म्हणून २ मिलिग्रॅम हा आकडा सगळीकडे चालत नाही. क्वार्ट्झ जास्त असेल तर त्याच अनुसूचीतलं सिलिकाचं सूत्र वापरायचं: १० भागिले (क्वार्ट्झची टक्केवारी अधिक २). क्वार्ट्झ १० टक्के असेल तर मर्यादा ०.८३ मिलिग्रॅमवर येते. क्वार्ट्झ न मोजता ‘आम्ही दोनच्या आत आहोत’ म्हणणं निरर्थक आहे.

मोजणीही नीट समजून घ्यावी. भिंतीवर ठेवलेलं यंत्र कामगाराचा श्वास मोजत नाही. पंप कमरेला, सायक्लोन (मोठे कण वेगळे काढणारी नळी) आणि फिल्टर कॉलरजवळ. १० मिलिमीटरच्या नायलॉन सायक्लोनला प्रवाह मिनिटाला १.७ लिटर, म्हणजे आठ तासांत सुमारे ०.८२ घनमीटर हवा. फिल्टरवर १.६ मिलिग्रॅमच्या वर धूळ जमली की मर्यादा ओलांडली. पंपाचा प्रवाह पाळीच्या आधी आणि नंतर तपासला नसेल तर तो आकडा टाकून द्यावा.

नियंत्रणाचं घोडं बहुतेकदा साध्या जागी अडतं. ट्रान्सफर पॉइंटवरच्या (बेल्ट बदलण्याच्या जागेवरच्या) ड्राय फॉग, म्हणजे बारीक धुकं सोडणाऱ्या, नोझलमधून साधारण १ ते १० मायक्रॉनचे थेंब निघायला हवेत, कारण मोठ्या थेंबाला वळसा घालून बारीक कण निसटतो. गाळ असलेलं पाणी आलं की नोझल तुंबतात. पावसाळ्यात ओल्या कोळशाने चूट (कोळसा खाली घसरण्याची नळी) जाम होते म्हणून यंत्रणा बंद ठेवतात, आणि दसऱ्यानंतरही ती बंदच राहते. बेल्टच्या कडेचं स्कर्ट रबर झिजलं की धूळ बाजूने, बेल्ट खरवडणारा स्क्रेपर झिजला की परतीच्या बेल्टखाली. मग झाडू आणि कॉम्प्रेस्ड एअर, ज्याने बसलेली धूळ पुन्हा हवेत जाते, शिवाय साचलेली भुकटी उडाली की स्फोटाचा धोका वेगळाच. तोंडाला गमछा बांधल्याने धुळीचा मोठा कण अडतो, घातक नाही. आयएस ९४७३ चा मास्क हवा, आणि दाढी वाढलेली असेल तर तोही कडेने गळतो.

आजार हळू येतो, बहुधा दहा वर्षांनी किंवा त्याहून उशिरा. साध्या न्यूमोकोनिओसिसमध्ये तक्रार फारशी नसते, फक्त एक्स-रेवर ठिपके. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या वर्गीकरणात दीड मिलिमीटरपर्यंतचे गोल ठिपके ‘पी’, तीनपर्यंत ‘क्यू’, दहापर्यंत ‘आर’. एक सेंटिमीटरहून मोठी गाठ दिसली की रोग गंभीर वळणावर गेलेला असतो, आणि धूळ थांबवली तरी तो पुढे सरकू शकतो. जुनाट खोकला, कफ आणि श्वासनलिकेचा अडथळा मात्र एक्स-रे स्वच्छ असतानाही येतो, बिडी न ओढणाऱ्यालाही. म्हणून स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकर मारून फुफ्फुसाची क्षमता मोजणारी तपासणी, लागतेच. सिलिका असेल तर क्षयाची शक्यता वाढते, आणि आपल्याकडे क्षय सापडला की धुळीचा विचार तिथेच संपतो.

एका तपासणीला फारसा अर्थ नाही. याच माणसाची पाच वर्षांपूर्वीची एक्स-रे प्लेट आणि फुंकरीचा आकडा शेजारी ठेवला तर उतार दिसतो. कायम कामगाराची फाइल दवाखान्यात असते. झाडू, बेल्ट सफाई, रिजेक्ट उचलणं ही कामं मात्र कंत्राटी कामगाराकडे असतात, आणि कंत्राटदार बदलला की त्याचा कागद नव्याने सुरू होतो. २०२० मध्ये संसदेने मंजूर केलेल्या आणि नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने जुना कारखाने कायदा मागे टाकून कारखाने आणि खाणी एका कायद्याखाली आणल्या. ट्रिपर फ्लोअरवरच्या माणसाची मागची प्लेट कोणी जपायची, हे ठरवायला मात्र प्रत्येक केंद्राच्या दवाखान्यात एक कपाट आणि एक जबाबदार नाव लागतं.