वाट कुठे पाहिली जाते? पायथनच्या नॉन-ब्लॉकिंग लायब्रऱ्यांची तुलना

शेगडीवर दूध ठेवले की समोरून हलता येत नाही. कुकर लावला असेल, तर शिट्टी होईपर्यंत भाजी चिरून होते. नेटवर्कवर काम करणाऱ्या प्रोग्रॅमपुढेही हेच दोन मार्ग असतात. मुंबईहून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील सर्व्हरला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर परत यायला सुमारे २०० मिलिसेकंद लागतात, आणि तेवढ्या वेळात ३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरची सुमारे ६० कोटी आवर्तने होऊन जातात. साध्या पद्धतीने लिहिलेला प्रोग्रॅम या सगळ्या काळात जागचा हलत नाही. एकाच वेळी अनेक ग्राहक आले, तर प्रत्येकासाठी वेगळा थ्रेड, म्हणजे प्रोग्रॅममधला स्वतंत्रपणे चालणारा कामाचा धागा, काढावा, हा त्यावरचा जुना उपाय. पण लिनक्स एका थ्रेडच्या स्टॅकसाठी (त्याच्या तात्पुरत्या नोंदींच्या जागेसाठी) सामान्यतः ८ मेगाबाइट पत्त्यांची जागा राखून ठेवतो, आणि थ्रेडची संख्या हजारांत गेली की त्यांच्यात फेरबदल करण्याचा खर्चही जाणवू लागतो. एका सर्व्हरने एका वेळी १०,००० ग्राहक कसे सांभाळावेत, हा प्रश्न डॅन केगेल यांनी १९९९ मध्ये मांडला, तो याच अडचणीतून.

उत्तर ऑपरेटिंग सिस्टिमच्या पातळीवर मिळाले. जुन्या ‘सिलेक्ट’ या व्यवस्थेत कोणत्या तरी कुकरची शिट्टी झाली एवढे कळते. ती नेमकी कोणाची, हे पाहण्यासाठी ओट्यावरचे सगळे कुकर तपासावे लागतात, शिवाय एका यादीत सामान्यतः १०२४ सॉकेटांपलीकडे (नेटवर्क-जोडण्यांच्या टोकांपलीकडे) जाता येत नाही. फ्रीबीएसडीमधील ‘केक्यू’ आणि लिनक्समधील ‘ईपोल’ या नंतरच्या व्यवस्था थेट ज्यांची शिट्टी झाली त्यांचीच नावे हातात देतात. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतील नॉन-ब्लॉकिंग, म्हणजे उत्तराची वाट पाहत अडून न बसणाऱ्या, लायब्रऱ्या अखेर याच दारात येऊन उभ्या राहतात. म्हणूनच कोणती किती वेगवान, या वादात मला फारसे तथ्य दिसत नाही. खरा फरक आहे तो प्रोग्रॅम कुठे थांबतो आणि थांबल्यानंतर पुढे काय करायचे, हे ती लायब्ररी लिहिणाऱ्याला कसे मांडू देते, यात.

ग्लिफ लेफ्कोविट्झ यांनी सुरू केलेली ‘ट्विस्टेड’ ही लायब्ररी २००२ मध्ये आली, आणि तिचा उगम एका ऑनलाइन खेळाच्या प्रकल्पात आहे. तिचा गाभा म्हणजे ‘डिफर्ड’: अजून न आलेल्या उत्तराची जणू पावती. उत्तर आले की कोणते फंक्शन चालवायचे आणि चूक झाली तर कोणते, हे त्या पावतीला जोडून ठेवायचे आणि आपण पुढे जायचे. कल्पना देखणी आहे. मात्र तिच्यामुळे वरून खाली वाचता येणाऱ्या दहा ओळींचे चार-पाच तुकडे होतात आणि वाचणाऱ्याला त्यांची संगती पुन्हा लावावी लागते. (पुढे जनरेटरच्या, म्हणजे मध्येच थांबून पुन्हा तिथूनच चालू होणाऱ्या फंक्शनच्या, मदतीने हे तुकडे सांधण्याची सोय ट्विस्टेडनेच दिली.) तिच्याजवळचा प्रोटोकॉलांचा साठा मात्र आजही हेवा वाटावा असा आहे: वेब, ईमेल, एसएसएच, डीएनएस, सगळे एका छताखाली. फ्रेंडफीडमध्ये तयार झालेली आणि फेसबुकने ती कंपनी घेतल्यावर २००९ मध्ये खुली केलेली ‘टॉर्नेडो’ त्या मानाने आटोपशीर, मुख्यतः वेबपुरती; ज्युपिटर नोटबुकचा सर्व्हर तिच्यावरच उभा आहे.

‘जीइव्हेंट’ने अगदी उलटी वाट धरली. ग्रीनलेट नावाचे हलके धागे वापरून तिने थांबणे पूर्णपणे झाकून टाकले. प्रोग्रॅमच्या सुरुवातीला एक ओळ लिहायची, की पायथनच्या सॉकेट, थ्रेड वगैरे मूळ मॉड्यूलांतील फंक्शने गुपचूप बदलली जातात, आणि नेहमीचा साधा कोड जवळजवळ जसाच्या तसा नॉन-ब्लॉकिंग होतो. वेबवरून माहिती मागवणारी ‘रिक्वेस्ट्स’सारखी लोकप्रिय लायब्ररीही त्यात निमूट चालते. या सोयीची किंमत उशिरा कळते. खात्यातील शिल्लक वाचून, त्यातून रक्कम वजा करून ती परत लिहिणाऱ्या तीन ओळी घ्या. त्यांच्यामध्ये कोणी तरी लॉग लिहिण्याची एक निरुपद्रवी ओळ घातली, आणि तो लॉग नेटवर्कवरून दुसऱ्या यंत्राकडे जात असेल, तर नेमक्या त्या जागी दुसरे ग्रीनलेट चालू होऊन तीच शिल्लक बदलू शकते. कोड कितीही वेळा वाचला, तरी ही फट डोळ्यांना दिसत नाही.

ग्विडो व्हान रॉसम यांनी ‘ट्यूलिप’ या नावाने सुरू केलेली आणि मार्च २०१४ मध्ये पायथन ३.४ सोबत आलेली ‘असिंकआयओ’ या दोन टोकांच्या मधली आहे. पुढल्याच वर्षी ३.५ मध्ये ‘असिंक’ आणि ‘अवेट’ हे शब्द भाषेतच आले, आणि जिथे ‘अवेट’ असेल तिथेच नियंत्रण दुसऱ्याकडे जाऊ शकते, अशी खूण वाचणाऱ्याला मिळाली. शिल्लकेच्या त्या तीन ओळींत ‘अवेट’ नसेल, तर त्याच इव्हेंट लूपवरील (तयार झालेली कामे एकामागून एक चालवणाऱ्या चक्रावरील) दुसरे काम मध्ये शिरू शकत नाही. याचा भुर्दंडही आहे. ‘अवेट’ वापरणारे फंक्शन स्वतः असिंक असावे लागते, मग त्याला बोलावणारे, मग त्याच्याही वरचे. आणि ‘रिक्वेस्ट्स’ बाजूला ठेवून ‘एआयओएचटीटीपी’सारखी वेगळी लायब्ररी शिकावी लागते. तरीही, जुन्या कोडचे ओझे नसेल तर मी हीच बाजू निवडेन.

असिंकआयओमधला मला खटकणारा दोष वेगळाच आहे. एखादे काम स्वतंत्रपणे सुरू करून दिले, तर इव्हेंट लूप त्याचा केवळ दुबळा संदर्भ जपतो, म्हणजे ते मेमरीत टिकून राहील याची हमी न देणारा. आपणही तो जपला नाही, तर काम अर्ध्यावर असतानाच ते मेमरीतून झाडले जाऊ शकते. त्यात चूक झाली, तरी ती वेळेवर कळेलच असे नाही. नॅथनिएल स्मिथ यांच्या ‘ट्रायो’ने २०१७ मध्ये याला उत्तर दिले: प्रत्येक उपकाम एका ‘नर्सरी’तच जन्मते, आणि त्यातील सगळी कामे संपल्याशिवाय ती नर्सरी बंद होत नाही. एखादे पोर पडले, तर बाकीच्यांना थांबवून चूक वर कळवली जाते. हा विचार इतका पटला, की २०२२ च्या पायथन ३.११ मध्ये ‘टास्कग्रुप’ या नावाने तो असिंकआयओतही आला.

या सर्वांना सारखीच अडवणारी एक जागा उरते. डोमेनच्या नावावरून पत्ता शोधणारे ऑपरेटिंग सिस्टिमचे नेहमीचे फंक्शन, ‘गेटअ‍ॅडरइन्फो’, हे दुधासारखे आहे. त्याला शिट्टी नाही. ते थेट लूपमध्ये बोलावले, तर एका संथ डीएनएस सर्व्हरपायी हजारो ग्राहक ताटकळतात. म्हणून ट्विस्टेड, जीइव्हेंट, असिंकआयओ आणि ट्रायो या चौघीही हे काम सहसा एका बाजूच्या थ्रेडकडे सोपवतात, म्हणजे ज्या थ्रेडांना टाळण्यासाठी हा सगळा खटाटोप झाला, त्यांच्याचकडे.