जीएमच्या वहीतलं शहर : सायबरपंक चालवण्याच्या एका पद्धतीची पार्श्वभूमी

आमच्या टेबलावर सायबरपंक खेळायला कोणी नवीन आलं की त्याचे प्रश्न साधारण ठरलेले असतात. सायबरपंक म्हणजे बलाढ्य कंपन्यांच्या भविष्यातल्या शहराचा भूमिका-खेळ : प्रत्येक खेळाडू एक पात्र, म्हणजे कॅरेक्टर, वठवतो आणि जीएम (गेम मास्टर) बाकीचं शहर चालवतो. नकाशा कुठे आहे? मारायचं कोणाला? मागच्या सेशनला आपण त्या कंपनीच्या वाट्यालाही गेलो नव्हतो, मग तिची माणसं आपल्या दारात कशी? तळघरं, खजिने आणि ड्रॅगन यांच्या खेळांत मुरलेल्यांना ही पद्धत सुरुवातीला जाचक वाटते. नागपुरात मी हा खेळ ज्या रीतीने चालवतो ती मी शोधून काढलेली नाही. ती बऱ्याच जुन्या वळणाने आली आहे, आणि ते वळण माहीत असलं की टेबलावर बसणं सोपं जातं. म्हणून ही पार्श्वभूमी.

जीएम नावाच्या माणसाचा उगम प्रशियाच्या लष्करात आहे. १८२४ च्या सुमारास राइसविट्झ नावाच्या तोफखान्यातल्या तरुण लेफ्टनंटने ‘क्रीगस्पील’ हा युद्धखेळ अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी पक्का केला. दोन बाजू, मध्ये एक पंच. दोन्ही बाजू आपले हुकूम लिहून पंचाकडे द्यायच्या. शत्रूचं जेवढं दिसणं शक्य आहे तेवढंच पंच त्यांना सांगायचा. बाकी सगळं तक्ते आणि फासे ठरवत. पुढे हे तक्ते इतके बोजड झाले की १८७६ मध्ये फेर्डी दु व्हेर्नुआ या प्रशियन अधिकाऱ्याने ते बाजूला ठेवायला सांगितले. अनुभवी पंचाने स्वतःच्या समजुतीने निर्णय द्यावा, हे त्याचं म्हणणं. नियमाने चालायचं की पंचाच्या विवेकाने, हा वाद आजही प्रत्येक टेबलावर होतो. त्याचं वय जवळपास दीडशे वर्षं आहे.

खरी कलाटणी १९६९ ची, अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातली. डेव्हिड वेझली हा तिथला हौशी युद्धखेळाडू. टॉटन नावाच्या अमेरिकन अधिकाऱ्याचं १८८० मधलं ‘स्ट्रॅटेगोस’ हे जुनं पुस्तक त्याच्या हाती लागलं होतं. खेळाडूने काहीही करायचं म्हटलं तरी पंचाने त्याचा निकाल द्यावा, ही कल्पना त्याने तिथून उचलली. मग त्याने नेपोलियनच्या काळातलं ब्राउनस्टाइन नावाचं एक काल्पनिक जर्मन गाव मांडलं. सैन्यं होतीच, पण गावातली माणसंही खेळाडूंना वाटून दिली : महापौर, बँकवाला, विद्यापीठाचा प्रमुख. प्रत्येकाचा हेतू वेगळा. लढाई सुरू व्हायच्या आधीच सगळे कोपऱ्याकोपऱ्यात जाऊन एकमेकांशी सौदे करू लागले. दोघांनी द्वंद्वाचा घाट घातला, त्याचे नियम वेझलीला जागच्या जागी बनवावे लागले. संध्याकाळ संपली तेव्हा खेळ फसला असं त्याला वाटत होतं. खेळाडूंनी मात्र पुन्हा कधी खेळायचं, हेच विचारलं.

पुढच्या एका ब्राउनस्टाइनमध्ये लॅटिन अमेरिकेतलं एक डळमळीत राष्ट्र होतं. डेव्ह आर्नेसनकडे विद्यार्थी क्रांतिकारकाची भूमिका होती. तो घरून नकली ओळखपत्र घेऊन आला, आपण खरे सीआयएचे हेर आहोत असं इतरांना पटवलं आणि शेवटी देशाची तिजोरीच घेऊन निसटला, असा किस्सा सांगितला जातो. तो मी नव्या खेळाडूंना आवर्जून सांगतो. एक शहर, त्यात पाच-सात स्वार्थ, खोटी ओळख, पैसा आणि फितुरी. सायबरपंकचं सगळं सामान इथे आलं आहे, तेही कृत्रिम हात किंवा निऑनचा एकही दिवा नसताना.

त्यानंतर आर्नेसनने ‘ब्लॅकमूर’ हा स्वतःचा खेळ चालवला, आणि १९७४ मध्ये त्याने व गॅरी गायगॅक्सने ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध केलं. हा इतिहास अनेकदा लिहिला गेला आहे, मी त्यात शिरत नाही. एवढंच म्हणतो की तळघर ही जीएमसाठी फार सोयीची जागा आहे. भिंती आहेत, दारं मोजकी आहेत, आणि खेळाडू दार उघडेपर्यंत आतला राक्षस जागचा हलत नाही. या सोयीमुळे एक पिढी अशी तयार झाली जिच्या लेखी जीएम म्हणजे खोल्या भरणारा माणूस. ब्राउनस्टाइनमधली हलती, एकमेकांवर कुरघोडी करणारी माणसं मागे पडली.

ती परत आली ऐंशीच्या दशकात. ‘सायबरपंक’ हे नाव ब्रूस बेथकीच्या १९८३ मध्ये छापून आलेल्या कथेचं. विल्यम गिब्सनची ‘न्यूरोमॅन्सर’ ही कादंबरी १९८४ ची, ‘ब्लेड रनर’ हा चित्रपट त्याच्या दोन वर्षं आधीचा. तेव्हाच्या अमेरिकेत सरकारी निर्बंध सैल होत होते, कंपन्या फुगत होत्या आणि जपान आपल्याला विकत घेईल ही धास्ती घरोघरी होती. १९८८ मध्ये माइक पाँडस्मिथच्या आर. टॅल्सोरियन गेम्सने ‘सायबरपंक’ हा खेळ खोक्यात घालून विकायला आणला. १९९० ची त्याची दुसरी आवृत्ती, ‘सायबरपंक २०२०’, हीच आमच्या पद्धतीची खरी आई. गंमत म्हणजे त्यात जीएमला ‘रेफरी’ म्हटलं आहे, अगदी क्रीगस्पीलसारखं.

या खेळाने जीएमच्या हाती तीन गोष्टी दिल्या. पहिली ‘लाइफपाथ’. कॅरेक्टर बनवतानाच फासे टाकून ठरतं की तुमचं कुटुंब कुठे गेलं, कोणाशी प्रेम होतं, कोण तुमच्यावर दात धरून आहे. म्हणजे पहिल्या सेशनच्या आधीच जीएमकडे शत्रूंची यादी तयार, आणि ती खेळाडूनेच दिलेली. दुसरी, गोळीबार. दहा पैलूंचा फासा, गुण आणि कौशल्य यांची बेरीज, आणि तीन-साडेतीन सेकंदांच्या फेऱ्या. एका फटक्यात आठाहून जास्त इजा हाताला झाली तर हात गेला. डोक्याला झाली तर माणूस गेला. तिथे शूरवीर जन्माला येत नाहीत, आडोसा शोधणारी माणसं येतात. मला हे नियम प्रामाणिक वाटतात. बंदूक काढायची वेळ येण्याआधी बोलणं, लाच देणं, पळवाट ठरवणं याला किंमत येते ती यांच्यामुळेच.

तिसरी गोष्ट म्हणजे शरीराची किंमत. प्रत्येक यंत्र अंगात बसवलं की माणुसकीचे आकडे घटतात, आणि ते पुरते संपले की ते कॅरेक्टर रेफरीच्या ताब्यात जातं. हा नियम मी जसाच्या तसा कधीच वापरला नाही. अपघातात पाय गमावलेल्याने कृत्रिम पाय लावला म्हणून तो कमी माणूस ठरावा, हे मला मान्य नाही. २०२० साली आलेल्या ‘सायबरपंक रेड’ने उपचारासाठी बसवलेल्या अवयवांना ही सजा माफ केली, ते योग्यच झालं.

इथे थोडं विषयांतर, कारण ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. १ मार्च १९९० रोजी अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसने टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात स्टीव्ह जॅक्सन गेम्सच्या कार्यालयावर छापा घातला. संगणक उचलून नेले, आणि त्यांतच ‘गर्प्स सायबरपंक’ या येऊ घातलेल्या खेळाचं हस्तलिखित होतं. एका अधिकाऱ्याने त्याला संगणक-गुन्ह्यांची मार्गदर्शिका म्हटल्याचं जॅक्सनने सांगितलं आहे. कंपनी बुडायच्या बेताला आली, तरी पुस्तक त्याच वर्षी निघालं, आणि १९९३ मध्ये न्यायालयाने ५० हजार डॉलरची भरपाई देववली. या खेळाच्या मुळाशी असलेली भीती, की मोठी यंत्रणा कधीही दारात उभी राहील, ती एका छोट्या प्रकाशकाने प्रत्यक्ष भोगली आहे.

आता दुखरी नस : नेटरनर, म्हणजे संगणकांत शिरून माहिती चोरणारं कॅरेक्टर. ‘२०२०’मध्ये नेटरनर संगणकांच्या जाळ्यात शिरला की त्याचा वेगळाच खेळ सुरू व्हायचा. जीएम आणि तो दोघंच फासे टाकत बसायचे. बाकीचे पोहे मागवायला निघून जायचे. १९८९ च्या ‘शॅडोरन’ या दुसऱ्या खेळातही तेच रडगाणं होतं. तीस वर्षांत यावर अनेक उपाय झाले; कित्येक जीएमनी तर नेटरनर जीएमनेच चालवायचा असा शिरस्ता पाडला. मला तो पळपुटेपणा वाटतो. ज्या खेळात माहिती हीच दौलत, तिथे माहिती चोरणाऱ्यालाच खेळाबाहेर काढायचं? ‘रेड’ने नेटरनरला पुन्हा खोलीत आणलं. जोडणीच्या जागेपासून सहा मीटरच्या आत तो प्रत्यक्ष हजर हवा, आणि जाळं मजल्यामजल्यांचं, लिफ्टने उतरत जावं तसं. त्यामुळे तो तिसऱ्या मजल्यावर फाइल शोधत असताना बाकीच्यांना दार धरून ठेवावंच लागतं. मी एक पाऊल पुढे जातो : प्रत्येकाची फेरी एकाच घड्याळावर. त्याचा एक मजला, यांची एक झटापट.

घड्याळावरून शेवटचा मोठा बदल सांगतो. व्हिन्सेंट बेकरच्या ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’ या खेळाने २०१० मध्ये संकटांची उलटगणती करणारी वर्तुळं, म्हणजेच ‘घड्याळं’, जीएमच्या हाती दिली : भाग एकेक करून भरायचे, वर्तुळ भरलं की संकट कोसळतं. हॅमिश कॅमेरॉनच्या ‘द स्प्रॉल’ने २०१६ मध्ये तीच युक्ती सायबरपंकमध्ये आणून प्रत्येक कंपनीला स्वतःचं घड्याळ दिलं, आणि २०१७ मध्ये जॉन हार्परच्या ‘ब्लेड्स इन द डार्क’मुळे ती घराघरांत पोचली. ब्राउनस्टाइनमधला बँकवाला आणि महापौर आता खेळाडूंविना, कागदावर, चालू लागले.

आमच्या टेबलावर हे असं दिसतं. माझ्या वहीचं एक पान उघडं असतं, सगळ्यांना दिसेल असं. त्यावर पेन्सिलीने काढलेली वर्तुळं, प्रत्येकाचे सहा भाग, बाजूला नाव : खापरीच्या गोदामाची मालक कंपनी, कोराडी रोडवरची वाळूची टोळी, इतवारीतला सावकार. मध्यंतरी गटाला खापरीच्या गोदामातून एक साक्षीदार बाहेर काढायचा होता. त्यांनी चार दिवस चिलखतं आणि बंदुका जमवण्यात घालवले. दर दिवसाला मी कंपनीच्या वर्तुळाचा एक भाग काळा केला. चौकशी करताना एकाचा फासा फसला, आणखी एक भाग गेला. “काय बे, एवढ्यात पाच भरले?” असं कोणीतरी ओरडलं, आणि उरलेली खरेदी सोडून सगळे त्याच रात्री मेट्रोने निघाले. मी एक शब्दही बोललो नव्हतो.

राहता राहिला प्रश्न नागपूरचा. लॉस एंजेलिसचा पाऊस आणि जपानी कंपन्या इथे का आणत नाही, असं विचारतात. कारण गरज नाही. स्वतःचं सैन्य बाळगणारी आणि राज्य गिळणारी कंपनी इतरांसाठी भविष्यातली कल्पना असेल, या शहराने ती पाहिली आहे. १८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीच्या टेकडीवर अप्पासाहेब भोसल्यांच्या फौजा लढल्या त्या ईस्ट इंडिया कंपनीशी. १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघुजी वारस न ठेवता गेले, आणि पुढच्या वर्षी डलहौसीने राज्य खालसा केलं. राजवाड्यातले हत्ती, घोडे, बैल लिलावात निघाले, जडजवाहीर कलकत्त्याला विकायला गेलं. राणी बाकाबाईंनी विरोध केला, तो चालला नाही. माझ्या खेळातल्या कंपन्या कशा बोलतात, कागद कसे पुढे करतात, हे मी त्या प्रकरणावरून शिकलो. त्या आधी वकील पाठवतात.

मग गिरणी. १ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं त्याच दिवशी, जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल इथे सुरू झाली. शहराचा एक भाग तिच्या भोंग्यावर जगला. २००२ मध्ये ती बंद पडली, आज त्या जागेवर मॉल आहे. तंत्रज्ञाचं कॅरेक्टर करणाऱ्याला मी विचारतो : तुझे आजोबा कोणत्या खात्यात होते? लाइफपाथच्या फाशांपेक्षा या प्रश्नाचं उत्तर जास्त कामाचं निघतं.

१९५६ पर्यंत हे शहर राजधानी होतं. आता नागपूर करारापोटी हिवाळी अधिवेशन तेवढं येतं. खेळात मी तेही घड्याळ म्हणून वापरतो : डिसेंबर आला की रस्ते अडतात, पोलीस दुप्पट, मोर्चे, बाहेरगावचे बडे लोक हॉटेलांत. एखाद्या कंपनीच्या मोठ्या माणसाला गाठायचं तर हेच दिवस. आणि शहर कशावर चिडलं आहे हे सांगायला मला पडद्यावरच्या बातम्या लागत नाहीत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक निघते, सोबत बडगे, म्हणजे लोकांच्या रागाचे पुतळे. कोणाचा बडगा झालाय, हे पाहिलं की खेळाडूंना कळतं. पावसाऐवजी आमच्याकडे नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले नऊ सर्वांत तापलेले दिवस, आहे. पंचेचाळीस अंशांत धातूचा हात उन्हात ठेवलेला माणूस काय करेल, याचा विचार ‘२०२०’च्या लेखकांनी केला नसावा.

एक हद्द मात्र पक्की आहे. २३ नोव्हेंबर १९९४ ला अधिवेशनावर आलेल्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ गोवारी बांधव गेले. त्या प्रसंगाची किंवा त्यासारख्या प्रसंगाची आम्ही देखावा म्हणून मांडणी करत नाही. मोर्चा येतो, लोकांच्या मागण्या येतात, मोर्चेकरी नावानिशी बोलतात. गर्दीतल्या मरणावर फासा पडत नाही. टेबलावर जॉन स्टाव्हरोपोलसचं एक्स-कार्डही असतं. कोणीही ते उचललं की तो प्रसंग तिथेच थांबतो, कारण विचारलं जात नाही.

नव्याने येणाऱ्यांनी पहिल्या सेशनला दोन गोष्टी लिहून आणाव्यात : तुमच्या कॅरेक्टरवर कोणाचं आणि किती कर्ज आहे, आणि शहरातली अशी एक जागा जी ते कोणत्याही किमतीला कंपनीच्या हाती जाऊ देणार नाही. फासे माझ्याकडे आहेत.