धुक्यात धावपट्टी किती दिसते?

जानेवारीत दिल्लीत धुकं दाटलं की बातमी येते, 'दृश्यमानता शून्य, विमानं खोळंबली'. त्याच पहाटे तिथे काही विमानं उतरतातही! मुळात विमानतळाच्या हवामान अहवालात ५० मीटरपेक्षा कमी दृश्यमानता शून्य म्हणून नोंदवतात. मथळ्यातला शून्य त्यामुळे उगाच भयंकर वाटतो. शिवाय उतरण्याचा निर्णय होतो तो 'रनवे व्हिज्युअल रेंज'वर, म्हणजे आरव्हीआरवर. धावपट्टीच्या मध्यरेषेवरून वैमानिकाला तिच्या खुणा किंवा दिवे किती अंतरापर्यंत दिसतील, तो हा आकडा.

तो काढण्याची रीत मला फार आवडते. धावपट्टीच्या कडेला ट्रान्समिसोमीटर असतो. बंगळुरूच्या राष्ट्रीय एरोस्पेस प्रयोगशाळेने असा 'दृष्टी' हा देशी संच बनवला आहे. एका टोकाकडून प्रकाश सोडायचा आणि दुसऱ्या टोकाला किती पोचला ते मोजायचं. समजा, ३० मीटरवर ६४ टक्के पोचला. पुढच्या ३० मीटरनंतर त्याचे ६४ टक्के, म्हणजे ४१ टक्केच उरतात. अशा धुक्यात दिवसा काळी वस्तू साधारण २०० मीटरपर्यंत दिसते. दिवा मात्र जास्त लांबून दिसतो. किती, ते सांगणारं सूत्र १८७६ साली फ्रान्सच्या अलार यांनी दीपगृहांसाठी मांडलं. त्यात धुक्यातली घट असते, अंतराच्या वर्गाने होणारी घटही असते, आणि डोळ्याला दिवा जाणवायला किमान किती प्रकाश लागतो तेही धरतात. हा किमान प्रकाश भोवतालच्या उजेडावर ठरतो. १०,००० कँडेलाचा (कँडेला हे दिव्याच्या तीव्रतेचं एकक) दिवा घेऊन गणित केलं, तर तो दिवसा सुमारे ४२० मीटरवरून दिसतो आणि रात्री ६८० मीटरवरून. धुकं मात्र तेच!

आता नियम पाहू. किती कमी दिसत असताना उतरता येतं, त्यानुसार लँडिंगच्या 'कॅट' म्हणजे कॅटेगरी ठरतात. कॅट-१ लँडिंगला किमान ५५० मीटर आरव्हीआर लागतो. ६० मीटर उंचीपर्यंत दिवे वा धावपट्टी दिसली नाही, तर विमान पुन्हा वर न्यायचं. कॅट-२ला ३०० मीटर आणि ३० मीटर उंची. कॅट-३ मध्ये ऑटोपायलट विमान उतरवतो, आणि ५० मीटर आरव्हीआरलाही ते जमू शकतं. पण त्यासाठी धावपट्टी, विमान आणि वैमानिक, तिघांनाही मान्यता हवी.

एवढं असूनही पुण्या-मुंबईहून दिल्लीला जाणारी विमानं का रखडतात? वाट दाखवणारे रेडिओ संकेत जमिनीवरच्या विमानांच्या धातूवरून परावर्तित होऊन बिघडतात. म्हणून आधीचं विमान धावपट्टीपासून पुरेसं दूर गेल्याशिवाय पुढच्याला उतरू देत नाहीत, आणि तासाला उतरणारी विमानं कमी होतात.